हॉइलची हजेरी

सुनावणी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये, लॅपटॉपवर होती. दर शुक्रवारी तिथे मासळीचं जेवण असतं, त्यामुळे मागच्या स्वयंपाकघरात मासे तळत होते. तेलाचा धूर छातीत गेला की मला खोकल्याची उबळ येते. इराकमध्ये छावणीचा कचरा जळायचा, त्या धुराने माझी फुप्फुसं कामातून गेली. सैनिकांच्या इस्पितळात इलाज आहे, पण माझ्या सेवामुक्तीवर ‘गैरवर्तन’ असा शेरा आहे. आजच्या सुनावणीत तो बदलला तर मला तिथे घेतील, नाहीतर पुढचा हिवाळा काही मी काढत नाही.

गैरवर्तन ते असं. तुकडीतला कोणी मेला की सगळ्यांना उभं करून हजेरी घेतात. जिवंतांची नावं पुकारतात, ते ‘हजर’ म्हणतात. मग मेलेल्याचं नाव तीनदा पुकारायचं आणि कोणी चकार शब्द काढायचा नाही. आमच्या तुकडीतला हॉइल मेला, त्याचं नाव तिसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा माझ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “हजर, फर्स्ट सार्जंट!”

आवाज हॉइलचा होता. मी त्याची नक्कल करायचो हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे बाकी चौकशी कोणी केलीच नाही. मला राग यायला हवा. पण बरीच वर्षं मला काहीच वाटत नाही.

ती हजेरी घेणाऱ्या सार्जंट ओडमबाई साक्षीला आल्या होत्या. आता काठी टेकत चालतात.

“अजून तसाच लुकडा रे, टॅकेट! बायको जेवायला घालत नाही?”

“बायको गेली, सार्जंट.”

“अरे देवा. कधी मेली?”

“मेली नाही. ओहायोला गेली.”

त्या खो खो हसल्या. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, “तो आवाज तुझा नव्हता. तू माझ्या अगदी समोर होतास. तोंड बंद होतं तुझं.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

“मग कोण होतं, असं विचारलं असतं त्यांनी.”

माझ्या वकीलबाईंनी मला पढवून ठेवलं होतं. ‘मी नव्हतो’ म्हणालात तर संपलं. ‘मीच ओरडलो, दुःखाने डोकं फिरलं होतं’ म्हणा, मंडळ ऐकेल. मला श्वास हवा होता. सुनावणी सुरू झाली तेव्हा मी तसंच म्हणालो.

पडद्यावर मंडळाचे अध्यक्ष मान हलवत ऐकत होते. शेजारच्या चौकटीतल्या वकीलबाई मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या.

“मिस्टर टॅकेट,” अध्यक्ष म्हणाले, “तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे. फक्त एक विचारतो. तुमच्या मागे उभे आहेत ते गृहस्थ मघापासून ‘नाही, नाही’ अशी मान हलवताहेत. ते साक्षीदार आहेत का?”

स्वयंपाकघरातला तळणाचा आवाज थांबला होता.

मी वळलो नाही. ओडमबाईही वळल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तळवा दाबून धरला.

“इथे आम्ही दोघंच आहोत, साहेब.”

पडद्यावरची आमची चौकट काळी झाली.

“थँक यू, मॅडम,” अध्यक्ष म्हणाले. “आता ते नीट दिसताहेत. नाव सांगा त्यांचं.”