रोशनपुऱ्याच्या पुढचा रस्ता

वीज गेली म्हणून लगेच उठू नकोस, अच्युत. आमच्या भागात ती गेली की तासभर तरी येत नाही, आणि अंधारात तुला कर्वे रस्त्यापर्यंतची वाट सापडायची नाही. तो कंदील इकडे घे, वात जरा कमी कर. संस्थेचा इतिहास लिहायला तुझ्या साहेबांनी तुला भोपाळहून पुण्याला पाठवलंय ना, मग ऐकूनच जा. जुन्या अहवालात सगळं आहे असं ते म्हणत असतील. अहवालात जे घालता येत नाही, तेवढंच मी सांगणार आहे.

सत्तावन सालचा हिवाळा. नवं राज्य होऊन वर्ष झालं होतं. संस्था तेव्हा श्यामला टेकडीवर नवाबी काळातल्या एका कोठीत भाड्यानं होती. अर्थशास्त्रवाले, इंजिनिअर, इतिहासवाले असे सगळे एका टेबलाशी बसून शहराचा अभ्यास करत, म्हणजे चहा पिताना एकमेकांच्या शास्त्राला नावं ठेवत. बाहेरच्या विद्यापीठातून कुणाला तरी काही महिने पाहुणा संशोधक म्हणून बोलवायची पद्धत होती. त्या हिवाळ्यात पाहुणी मी होते. बाईमाणूस, आणि त्यातून भूगोलाची. इंजिनिअरसाहेबांनी आल्या दिवशीच मला स्वयंपाकघर कुठं आहे ते दाखवलं. मी त्यांना तिथून तळं कोणत्या दिशेला आहे ते विचारलं, तर त्यांना काही सांगता येईना. तेव्हापासून आमचं बरं जमलं.

राजधानी भोपाळला आली, तशी नागपूरची कचेरीच्या कचेरी उचलून तिथं आणली होती. माणसं, टेबलं, कपाटं, सगळं. त्या माणसांसाठी रोशनपुरा नाक्याच्या पुढं माळावर क्वार्टर्स उठत होती, सगळी एका साच्यातली. कारकून संध्याकाळी दमून येत आणि खुशाल शेजाऱ्याच्या घरात शिरून पायातलं काढत. माझा विषय असा होता, की अशा परक्या गावात माणसाच्या मनात रस्ते कसे तयार होतात. बायकांच्या हातात कागद-पेन्सिल दिली की त्या लाजत, पण रांगोळी दिली की हात चाले. मी म्हणत असे, स्टेशनपासून तुमच्या दारापर्यंतचा रस्ता काढा. गंमत म्हणजे बहुतेकजणी स्टेशन भोपाळचं काढत आणि पुढं रस्ता नागपूरचा. सीताबर्डीचा उतार, महालातला बाजार... मग आपल्याच वेडेपणाला हसून पदरानं पुसून टाकत. त्यांचे डोळे भरून यायचे. माझेही यायचे, पण तेव्हा मी शास्त्रज्ञ होते, त्यामुळे कुणाला दाखवत नसे.

त्यातलं खरं भोपाळ वेचून मी ते कोठीच्या व्हरांड्यात भिंतीवर टांगलेल्या एका मोठ्या कागदावर चढवायची. रोज रस्ता थोडा पुढं सरके. आधी स्टेशन, मग जिन्सी, मग जहांगीराबाद.

त्या क्वार्टर्समध्ये नरहर म्हणून एक सचिवालयातले कारकून राहत. त्यांची बायको नागपूरलाच विषमज्वरानं गेली होती आणि मागं सहा वर्षांची सिंधू. पोरगी आईवेडी होती. नागपूर सोडल्यापासून ती धड जेवत नव्हती आणि बोलणं तर जवळजवळ बंदच. आई गेल्यापासून कुणाला केसांना हात लावू देत नव्हती, त्यामुळे डोक्यात नुसती जट झालेली. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही सापडत नाही, पण ही अशीच झिजत राहिली तर पुढचा उन्हाळा काढणार नाही. हे नरहरपंतांनी मला दारात उभं राहून, घरात ऐकू जाऊ नये म्हणून हळू सांगितलं. रुमालानं चष्मा पुसत होते, पुसून झाल्यावरही पुसतच राहिले.

मी सिंधूपुढं रांगोळीची वाटी ठेवली. तिनं डाव्या हाताची मूठ भरली. नरहरपंत सवयीनं म्हणाले, "उजव्या हातानं, बाळ." तिनं ऐकलं नाही. डाव्या हातानं स्टेशनाचा चौकोन काढला आणि थांबली. पुढं काढ की, मी म्हटलं. तिनं मान हलवली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलली.

"पुढचं आईला माहीत नाही."

त्याच आठवड्यात ती बाई यायला लागली. दिवेलागणीची वेळ, सगळी मंडळी घरी गेलेली, तळ्यावरून गार वारा येत असलेला. मी खोलीत माझी दिवसाची टिपणं लिहीत बसले होते. व्हरांड्यात शिकेकाईचा वास आला, नुकतं न्हालेल्या माणसाचा असतो तसा. बाहेर येऊन बघते तर एक बाई नकाशासमोर उभी. तिशीच्या आतली, हिरवं लुगडं, कपाळावर मळवट भरावा तसं ठसठशीत कुंकू. मोकळ्या केसांतून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं, क्वार्टर्समधलीच कुणी असेल, मी नकाशा करतेय हे ऐकून बघायला आली असेल. मी म्हटलं, अहो, एवढ्या थंडीत ओल्या केसांनी फिरलात तर पडसं होईल. ती नुसती हसली. तिचं बोट कागदावर स्टेशनापासून निघालं, रेघ जिथं संपत होती तिथपर्यंत आलं.

"इथून समोर कसं जायचं, बाई?"

नागपूरकडची बोली मी ओळखली. पुढचा भाग अजून काढायचाय, दोन दिवसांनी या, असं मी सांगितलं. ती बरं म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. सकाळी पाहिलं तर रेघेच्या टोकाशी कागद ओला होऊन फुगला होता. चौकीदाराला विचारलं, काल कोण बाई आल्या होत्या? तो म्हणाला, "कोई नहीं आया, बहनजी. फाटक पे मैं ही था." मला वाटलं, बिडी ओढायला गेला असेल.

ती येत राहिली. मी जेवढा रस्ता काढी तेवढाच ती बोटानं चाले, आणि तेच विचारी. मला तिचा लळा लागला, खोटं कशाला सांगू. परक्या गावात संध्याकाळी कुणीतरी आपल्या कामाची अशी वाट बघतंय, याचं बरं वाटे. क्वार्टर्समधल्या बायकाही आपसात बोलू लागल्या होत्या. जिन्सीला म्हणे एक बाई संध्याकाळी रस्ता विचारत फिरते. पुढच्या आठवड्यात ती जहांगीराबादेत दिसली. माझी रेघ जहांगीराबाद ओलांडून रोशनपुरा नाक्याला टेकली, त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, तुम्हाला जायचंय तरी कुणाकडे?

"मुलगी आहे माझी. तिकडं आणली तिला," ती म्हणाली. "डावरी आहे... सगळे रागावतात तिला. मी नव्हती रागवत."

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती उचलायला मी वाकले, तेव्हा व्हरांड्याच्या फरशीवर तिच्या केसांतलं पाणी पडलेलं मला दिसलं. पाणी होतं. त्यात कंदिलाचा उजेड होता, भिंत होती, नकाशा होता... ती नव्हती.

मी ओरडले नाही. ओरडावं असं वाटलंच नाही, याचंच मला नंतर जास्त भय वाटलं. मी कशीबशी म्हणाले, उद्या या. ती नेहमीसारखी बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नरहरपंतांकडे गेले. वेड्यात काढतील, असं वाटलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांच्या घरात एक चाल होती. बिऱ्हाड हलवताना घरातल्या कर्त्यानं उंबऱ्यावर पाणी सोडायचं आणि घरच्या गेलेल्या माणसांना मोठ्यानं सांगायचं, की आम्ही अमुक गावी, अमुक ठिकाणी चाललो, तुम्हीही चला. नाहीतर ती जुन्या घराशी वाट बघत बसतात. त्यांची बायको शशिकला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते, वर्षश्राद्धही व्हायचं होतं. बदलीचा हुकूम आला, सामान टांग्यात चढलं, शेजारपाजारचे सचिवालयातले लोक निरोपाला जमलेले. त्या सगळ्यांसमोर उंबऱ्याशी बोलायची नरहरपंतांना लाज वाटली.

"गाडीची वेळ होऊन राहिली होती, बाई," ते म्हणाले. "आम्ही तिला सांगितलंच नाही, कुठं चाललो ते."

मग आम्हा दोघांनाही एकच प्रश्न पडला. आई येईल, ती पोरीला भेटायला की न्यायला? रस्ता पुरा केला तर काय होईल ते माहीत नव्हतं. अर्धा ठेवला तर काय होणार ते डॉक्टरांनी सांगितलंच होतं. आतल्या खोलीत सिंधू भिंतीकडे तोंड करून निजली होती. उन्हात तिच्या फ्रॉकमधून पाठीची हाडं दिसत होती.

संध्याकाळी नरहरपंत माझ्याबरोबर कोठीवर आले. शिकेकाईचा वास आला, ती आली. त्यांना ती दिसली नाही, मला दिसत होती. त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून ती त्यांच्या कोटाच्या तुटलेल्या बटणाकडे बघत होती. मी विचारलं.

"भेटायला आलात... की न्यायला?"

"वेणी घालायची राहिली तिची," ती म्हणाली.

मी हे नरहरपंतांना सांगितलं. त्यांनी तोंडावर हात घेतला, मग बरोबर आणलेल्या तांब्यातलं पाणी नकाशाखाली फरशीवर सोडलं, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि रोशनपुऱ्याच्या पुढं रेघ काढायला सुरुवात केली. कुणीच नसलेल्या हवेशी ते बोलत होते.

"हे बघ शशी, इथून डावीकडं वळायचं. घरं सगळी सारखी आहेत, फसशील. दाराशी तारेवर सिंधूचा निळा फ्रॉक वाळत घालून ठेवतो, ते आपलं घर. आता आपण इथंच राहतो." मग जरा थांबून म्हणाले, "रोज ये. फक्त तिला नेऊ नकोस."

ती रेघेवरून बोट फिरवत शेवटापर्यंत गेली आणि तिथं बोट ठेवून बराच वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावतच क्वार्टर्सवर गेले. सिंधू दारात पायरीवर बसून दूध-पोळी खात होती, डाव्या हातानं. केस नीट विंचरलेले, दोन घट्ट वेण्या, वर लाल रिबिनी. तेल लावलेल्या भांगात एक केस इकडचा तिकडं नव्हता. नरहरपंतांनी रिबिनी कधी आणल्याच नव्हत्या. मला बघून ती म्हणाली, "आई फार घट्ट घालते, दुखतं." आणि हसली. मी शास्त्रज्ञ होते तरी त्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले.

मार्चमध्ये माझा मुक्काम संपला आणि मी पुण्याला आले. सिंधू वाढली, शिकली, तिचं लग्न झालं. नरहरपंतांची क्वार्टर्स दोनदा बदलली, दोन्ही वेळा त्यांनी चारचौघांत मोठ्यानं पत्ता सांगून घर सोडलं. ते गेल्यावर ही रीत सिंधूनं चालवली. तिचा नवरा भेलमध्ये आहे, साकेत नगरला घर बांधलंय त्यांनी. नव्या घरात जातानाही तिनं आधी आईला सांगितलं, मग नवऱ्याला किल्ली दिली. नवरा थट्टा करतो, ती करू देते.

आता तुला का थांबवलं ते सांगते. गेल्या आठवड्यात सिंधू माझ्याकडे राहायला आली होती. चार दिवसांसाठी आले तरी सांगून आलेय हं, असं हसत म्हणाली, नाहीतर आई तिकडं शोधत बसते. रोज सकाळी तिची वेणी घातलेली असायची. एवढी बाई झाली तरी. परवा दुपारी ट्रंककॉल आला, मुलाला ताप भरलाय. पोरगी तशीच उठली, एका चपलेचा पट्टा लावत, दुसरी हातात घेऊन रिक्षात बसली. त्या गडबडीत तिनं उंबऱ्याशी काही सांगितलं नाही. मलाही सुचलं नाही.

काल दिवेलागणीला तुझ्या बाजूच्या त्या वेताच्या खुर्चीची बैठक ओली झाली. आजही आहे. घाबरू नकोस, हात लावून बघायची गरज नाही. ती बिचारी कुणाला काही करत नाही, नुसती दाराकडे बघत बसलीय. मी काल तिला रस्ता सांगायला गेले. स्टेशन, जिन्सी, जहांगीराबाद, रोशनपुरा... आणि तिथंच अडकले. माझ्या वेळी ती क्वार्टर्स सोडली तर त्याच्या पुढं नुसती शेतं होती. साकेत नगर कुठं वसलंय मला ठाऊक नाही, आणि तीही तिथं सिंधूच्या मागोमाग गेलेली, वाट तिला कुणी सांगितलेलीच नाही. इतकी वर्षं शहरांचा अभ्यास केला, आणि एका बाईला तिच्या लेकीचं घर सांगता येईना.

तू भोपाळचा. तुला माहीत असेल. मला सांगू नकोस, त्या खुर्चीकडे तोंड कर आणि जरा मोठ्यानं, सावकाश सांग. तिला एकदा सांगितलं की राहतं लक्षात. स्टेशनपासून सुरुवात कर.