वाकानाच्या बाकावरचा आवाज

फार वर्षांपूर्वी तोकुजीने एक आवाज ऐकला होता. डोंगरातल्या त्या लाकडी शाळेत तेव्हा इंग्रजीचा तास चालला होता. परदेशी मास्तर एक वाक्य म्हणायचे आणि मुलं ते एका सुरात परत म्हणायची. सूर संपला की त्याच्या मागे एक घोगरा आवाज उरायचा, सर्दी झाल्यासारखा, शेवटी जरा वर चढणारा, काही विचारत असल्यासारखा. व्हरांडा झाडता झाडता तोकुजी थांबायचा आणि गालात हसायचा. ती त्याची मुलगी होती, मिझुए. सगळ्यांच्या मागून बोलायची तिची खोड होती.

मिझुए मोठी झाली, शहरात गेली, एकटीने मुलगी वाढवली आणि गेल्या पानगळीत दुखणं होऊन गेली. तिची वाकाना आजोबांकडे आली आणि त्याच शाळेत चौथीत बसू लागली. आईला निरोप दिल्यापासून ती एक शब्दही बोलली नव्हती. डॉक्टरांनी घसा पाहिला. घशात काही नव्हतं.

तोकुजी अजून त्या शाळेची झाडलोट आणि डागडुजी पाहत होता. एक दिवस हेडमास्तरांनी त्याला बाजूला घेतलं.

"तोकुजी-सान, शिक्षण कार्यालयातून बाई येणार आहेत. वाकाना त्यांच्यासमोर बोलली नाही, तर तिला शहरातल्या निवासी शाळेत ठेवावं लागेल. माझ्या हातात काही नाही."

तोकुजी वाकून "बरं" म्हणाला. घरात दुसरं माणूस नव्हतं. ही गेली की चुलीपाशी एकच वाटी राहणार होती.

इंग्रजी शिकवायला दर गुरुवारी कॅलम यायचा. न्यूझीलंडचा, मेंढपाळाच्या घरातला उंच पोरगा. दाराच्या चौकटीला त्याचं कपाळ आपटायचं आणि ते बघायला पोरं आधीच जमून उभी राहायची. शाळेच्या सपातांतून त्याच्या टाचा बाहेर यायच्या. तो पोरांबरोबर जेवायचा, पोरांबरोबर फरशी पुसायचा, आणि स्वयंपाकघरातल्या मासू-सान त्याला 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणायच्या आणि चिडवल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

"सेन्सेई, आंबवलेल्या सोयाबीनचा नात्तो उरलाय. तुमच्या मेंढ्यांना पाठवू का?"

"मेंढ्यांनी तुमचं काय वाईट केलंय, मासू-सान?"

कॅलमने चौथीला एक खेळ लावला होता. सगळ्यांनी बाकावर हातांत तोंड खुपसायचं. तो फळ्याकडे तोंड करून उभा राहायचा. ज्याला वाटेल त्याने इंग्रजीतून नमस्कार म्हणायचं आणि कॅलमने आवाजावरून नाव सांगायचं. तो कधी चुकायचा नाही. लहानपणी अंधारात ओरडण्यावरून मेंढी ओळखायचो, म्हणायचा, तुम्ही तर सोपे आहात.

एका गुरुवारी चपलांच्या कप्प्यांपाशी तो तोकुजीला गाठून म्हणाला, "आजोबा, वाकाना बोलली."

तोकुजीच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"तिने सांगितलं?"

"मी ओळखलं. वर्गातले सगळे आवाज मला पाठ आहेत. एक नवा आला. मग तो तिचाच, नाही का? मी नाव घेतलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती लाजली. छान आवाज आहे, जरा घोगरा."

त्या रात्री तोकुजीने आनंदाच्या दिवशी करतात तो लाल घेवड्याचा भात केला. वाकाना जेवली, वाटी धुतली आणि झोपली. बोलली नाही. हळूहळू बोलेल, असं त्याने मनाला सांगितलं.

पुढच्या गुरुवारी तो झाडू घेऊन चौथीच्या खिडकीबाहेर उभा राहिला. बाहेर बर्फ पडत होता. रॉकेलच्या शेगडीचा वास व्हरांड्यापर्यंत येत होता. आत सगळी डोकी खाली होती. वाकानाने मात्र मान व्हरांड्याकडे वळवली होती. गाल हातावर टेकलेला, डोळे उघडे. ती आजोबांकडेच बघत होती.

नमस्कार ऐकू आला. घोगरा, सर्दी झाल्यासारखा, शेवटी जरा वर चढणारा.

वाकानाचे ओठ मिटलेले होते.

"वाकाना!" फळ्याकडे तोंड करूनच कॅलम खात्रीने म्हणाला आणि वर्गात टाळ्या झाल्या. वाकानाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती आजोबांकडे बघत राहिली.

तोकुजी कोणाला काही बोलला नाही. सांगून कोणाला पटणार होतं? आणि पटलं असतं तर पोरगी गेली असती. बाई येतील, आवाज येईल, पोरगी राहील. मिझुएने आपल्या लेकीसाठी एवढं केलं, तर त्यात भ्यायचं काय... असं तो स्वतःशी म्हणायचा, आणि तरी चौथीच्या खिडकीवरून जाताना त्याचे पाय भरभर पडायचे.

पण घरात काहीतरी उलटं होत होतं. आधी वाकाना भांडी घासताना ओठ हलवायची, कधी नाकातल्या नाकात गुणगुणायची. आता तेही थांबलं. ठेच लागली तरी तोंडातून आवाज निघेना. तिच्या वाटचं बोलणारं कोणीतरी मिळालं होतं. तिला आता बोलायची गरजच उरली नव्हती.

बाई यायच्या आदल्या दिवशी, दुपारची सफाई आटोपून मुलं घरी गेल्यावर, तोकुजी ओलं फडकं घेऊन चौथीत शिरला. त्याने वाकानाचं बाक पुसलं. मग तिथेच बसला. लहान मुलांच्या खुर्चीत गुडघे छातीशी आले.

"मिझुए," तो हळू म्हणाला, "पुरे आता. तू तिच्यासाठी बोललीस तर ती कधीच बोलणार नाही. मग ती इथे राहून काय उपयोग? उद्या गप्प राहा. ती बोलली नाही तर नेतील तिला... नेऊ देत. पण तिचं तिला बोलू दे."

विझवलेली शेगडी थंड होताना टकटक करत होती. छपरावरून बर्फाचा एक लगदा घसरून खाली पडला. दुसरं काही ऐकू आलं नाही. तोकुजीने खुर्ची आत सरकवली आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. हेडमास्तर त्यांच्या शेजारी. कॅलम अगदी निर्धास्त होता.

"बघा हं," तो बाईंना म्हणाला आणि फळ्याकडे वळला.

डोकी खाली गेली. कोणी बोललं नाही. व्हरांड्यात तोकुजीने झाडूचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. वेळ जात राहिला. कॅलमने मान थोडी तिरकी केली, पण वळला नाही. बाईंनी घड्याळ पाहिलं. हेडमास्तर खाकरले.

मग एक आवाज आला. बारीक, कोरडा, मध्येच तुटलेला, बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा. नमस्कार अर्धाच झाला, थांबला आणि पुरा झाला.

 कॅलमच्या पाठीवरचा सदरा ताणला गेला.

"हा..." तो म्हणाला. "हा मला माहीत नाही. वर्गात कोणी नवीन आलंय?"

गेंता नावाचं एक आगाऊ पोर हसत उठलं. "सेन्सेई, ही वाकाना! माझ्याच शेजारी बोलली. तुम्ही तर हिला दर वेळी ओळखता."

"मी पाहिलं," मागून बाई हसून म्हणाल्या. "तीच बोलली."

कॅलम वळला. वाकाना उभी होती, कान लाल झालेले. तिने खिडकीकडे बघून पुन्हा तोंड उघडलं. ती इतकं हळू बोलली की काचेतून ऐकू आलं नाही, पण ओठांवरून तोकुजीला कळलं. ती "आजोबा" म्हणाली होती. त्याने बाहीने डोळे पुसले.

तास संपला. पोरगी इथेच राहील, असं बाई हेडमास्तरांना सांगत जिना उतरल्या. तोकुजी बादली भरत होता, तेव्हा कॅलम त्याच्याजवळ आला. चेहरा पांढरा पडला होता.

"आजोबा, वाकानाचा आवाज तो नव्हता. मग इतके दिवस..."

तोकुजीने नळ बंद केला.

"काल मी आजच्या तासाच्या तयारीला आलो होतो, शेजारच्या खोलीत चित्रं कापत होतो," कॅलम म्हणाला. "तुम्ही आत हळू बोलत होतात, शब्द कळले नाहीत. मला वाटलं, समोर वाकाना बसलीय. ती उत्तर देत होती ना, त्याच घोगऱ्या आवाजात. म्हणून मी आज एवढा निर्धास्त होतो."

"उत्तर?" तोकुजी त्याच्याकडे वळला. "काय... काय म्हणाली?"

"तुम्ही ऐकलं नाही? अगदी तुमच्या कानाशी बोलल्यासारखं होतं." कॅलमने आवाज खाली आणला. "ती म्हणाली, 'बरं, बाबा. मग मी घरी येते.'"

 तोकुजीने बादली उचलली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि व्हरांड्यातून चालत गेला.