कमळाबाईचे धवळे

"तूच पुसलास आयचा आवाज! डीजे पायजे ना तुला? घे, नाच आता!"

"संध्या, तोंड सांभाळ. मी हात नाय लावला."

"मग कोणी लावला? भुतानं?"

वाल्मिक पिशवी खांद्याला तशीच ठेवून उंबऱ्यात थांबला. धसईत मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तो कामाला होता. नरेंद्रनं सकाळीच फोन केला होता, लगेच ये, आज घरी मांडव हाय आन् कॉम्प्युटर मुका झालाय.

त्या कॉम्प्युटरात कमळाबाई होती. नरेंद्र-संध्याची आई. आजूबाजूच्या गावांत लग्नाचे धवळे, म्हणजे विधींची गाणी, तीच म्हणायची. भातकापणीच्या तोंडावर छातीच्या दुखण्यानं गेली. पण जायच्या आधी लेकीच्या लग्नाचे धवळे तिनं रेकॉर्ड करून ठेवले. संध्या हट्टाला पेटली होती. आयचा आवाज लागल्याशिवाय हळदीला बसणार नाय.

वाल्मिक स्टुलावर बसला. फाइल चालवली. पट्टी पुढं सरकत होती. आवाज नाय.

"ताई, पुसलेलं नाय. आय आतच हाय."

संध्या भिंतीला टेकून खाली बसली.

त्यानं स्पीकरची वायर काढून मोबाइलला लावली. स्पीकर दणकला. म्हणजे स्पीकर ठीक. मग माउसनं सेटिंग उघडून कार्डांची यादी पाहिली. साउंड कार्ड दिसत होतं. तेही ठीक.

"हा लिनक्स कोणी टाकला?"

"मामाच्या रत्नानं," नरेंद्र म्हणाला. "कार्ड, माइक, समदं तिनंच लावलं. आता लग्न करून शेणव्याला दिलेय तिला."

वाल्मिकचं लक्ष कीबोर्डवर गेलं. मांडव घालताना उडालेली धूळ सगळ्या बटणांवर बसली होती. एकच बटण साफ. त्याच्यावर लाल टिकली चिकटवलेली.

"ही टिकली कोणाची?"

"आयची. पण का लावली काय ठावं."

कोपऱ्यात बाळाराम, दोघांचा बाप, आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधत होता. त्यानं मान वर केली नाय.

वाल्मिकनं रत्नाला फोन लावला.

"रत्नाताई, टिकलीचं काय?"

"अरे, माइक चालू केला की स्पीकर शिट्टी मारायचा. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी कार्डाचा आवाज दाबायचा. माउसनं ती आवाजाची काळी खिडकी उघडायची आन् एम दाबायचा. परत एम दाबला की परत चालू. वाचता येत नाय म्हणून आत्यानं खूण केली."

"तुझी आत्या दाबायची?"

"ती कशी दाबंल? तिचे दोन्ही हात माइकला. भीती वाटायची तिला, पडंल म्हणून."

वाल्मिकनं काळी खिडकी उघडली. आवाजाचे उभे खांब दिसले. पहिल्याच खांबाखाली दोन एम, आवाज दाबल्याची खूण. कार्ड मेलं नव्हतं. कोणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

"नरेंद्रदादा, ही खिडकी म्हायती होती तुला?"

"नाय रे! सकाळधरनं वायरी उपटतोय."

"ताई?"

"म्हायती असतं तर बोंबलत बसले असते का?"

वाल्मिकनं स्पीकर परत कार्डाला जोडला, एम दाबला आणि माइक चालू करून स्पीकरच्या तोंडाशी धरला.

कानठळ्या बसवणारी शिट्टी सुटली. नरेंद्रनं कान झाकले. संध्या ओरडली. बाळाराम मात्र तोरण टाकून उठला आणि त्याचं बोट सरळ टिकलीवर गेलं.

शिट्टी थांबली. बोट तिथंच राहिलं. वाल्मिकनं माइक बंद केला.

"काका, तुमी," वाल्मिक म्हणाला. "ज्याला बटण ठावं तो वायरी उपटत नाय, म्हणून दादा सुटला. ताईला तर आवाज पायजेच होता. काकूचे हात माइकला, म्हणजे बटणाला दुसऱ्या कोणाचं बोट लागणार. रत्नाताई गेल्यावर काकूजवळ बसायचं कोण?"

"बाबा?" संध्या म्हणाली.

वाल्मिकचं डोकं तापलं. "हळदीच्या दिवशी पोरीला रडवता? लाज नाय वाटली?"

"ऐक," बाळाराम म्हणाला. त्यानं स्वतःच टिकली दाबली आणि नरेंद्रला फाइल लावायला खुणावलं.

कमळाबाई खोकली. मग गाऊ लागली. मेलेल्यांना मांडवात बोलवायचा धवळा. सासऱ्याला नावानं हाक, सासूला हाक, बुडालेल्या दिराला, माहेरच्या भावाला. मांडवाला या, पोरीला हळद लावा.

"मी लय वेळा ऐकला ह्यो," बाळाराम म्हणाला. "समद्यांना बोलावते. पण तिला कोण बोलावतंय? म्हणली तवा जिती होती ना गो. ज्याचं नाव घेतलं तोच मांडवात येतो. हे लावलं तर समदे येतील. तुझी आय तेवढी भायेर उभी ऱ्हाईल."

बाळारामनं पडलेलं तोरण उचललं.

"तोंडानं म्हणणारी कोणतरी पायजे होती. पण तू आवाजासाठी येवढी आसुसलेली. तुला नाय कसं म्हणू? वाटलं, बिघडलं म्हणून सोडून देशील."

धवळा चालूच होता. संध्या उठली. टिकलीवर बोट ठेवलं, काढलं, परत ठेवलं. नरेंद्रनं तोंड फिरवलं.

तिनं दाबलं.

मग आईच्याच चालीवर तिनं धवळा धरला. आजा झाला, आजी झाली, काका झाला, मामा झाला. पुढचं नाव ओठावर येईना. जन्मभर जिला आय म्हटलं, तिला आज पहिल्यांदा नावानं हाक मारायची होती.

"क..." संध्या म्हणाली. "कम..."

ही हाक घरच्यांची होती. वाल्मिकनं पिशवी उचलली. "मला आता निघायला पायजे," तो म्हणाला.