मुकी नळी

तो दिवा जरा इकडे सरकवा. हां, असा. तुम्ही विचारलंत ना, हातात एवढी चांगली पिकअप असताना ड्रायव्हरकी का सोडली? सांगतो. मध्येच हसायचं मात्र नाही.

माझं काम काचा पोचवायचं. कारखान्यातून मोठी तावदानं उचलायची, पिकअपच्या मागे उभी बांधायची आणि हायवेने दुकानादुकानांत नेऊन द्यायची. गाडी माझी स्वतःची, म्हणून हौसेने मागच्या धूर सोडायच्या नळीला बाजारातल्या रुंद, चकचकीत टिप्स बसवून घेतल्या. बायको म्हणाली, "हे कर्णे कशाला लावलेत? सभा भरवायचीय का?"

शहरात काही वाटायचं नाही. पण हायवेला एका ठरावीक वेगावर गाडी गेली की केबिनमध्ये घुमायला लागायचं. घूंऽऽऽ... कानात नाही हो, छातीत. आरसा थरथरायचा, मागच्या काचा किणकिणायच्या, संध्याकाळपर्यंत डोकं नुसतं भणभणायचं. पुढेपुढे गाडी बंद केली तरी कानात तेच. डॉक्टरांनी कान तपासून सांगितलं, आवाज कमी करा, नाहीतर बहिरे व्हाल.

आमच्या पोरीला मात्र तो आवाज भारी आवडायचा. दिवसभर काहीतरी गुणगुणत असायची म्हणून तिला आम्ही भुंगीच म्हणायचो. मी अजून गल्लीच्या वळणावर तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकतोय, तोवर ही घरातून ओरडायची, "बाबा आले!" फाटकाशी गाडी बंद करण्याआधी मी एकदा उगाचच रेस करायचो. खोडच ती. शेजारी शिव्या घालायचे आणि भुंगी टाळ्या वाजवायची.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी मी सायलेन्सरवाल्याकडे गेलो. भुंगीही हट्टाने बरोबर आली. हा गडी वेल्डिंगमध्ये वस्ताद, आणि ते सांगण्यात त्याहून वस्ताद.

"टिप्स काढू नका, शोभतात," तो म्हणाला. "आपण मुकी नळी टाकू. सायलेन्सरच्या पाइपला बाजूने एक नळी जोडायची, तिचं दुसरं टोक बंद. घुमणारा आवाज आत शिरतो, बंद टोकाला आपटून मागे येतो आणि स्वतःलाच मारतो. फक्त नळीची लांबी त्या सुराला जुळली पाहिजे."

"आणि सूर मोजणार कशाने?"

तो डोकं खाजवायला लागला. तेवढ्यात भुंगी म्हणाली, "मला येतो की बाबांच्या गाडीचा आवाज!" आणि तिने ओठ मिटून घूंऽऽ सुरू केलं. काय सांगू तुम्हाला, तंतोतंत! सायलेन्सरवाला खूश. त्याने एक टोक बंद केलेली नळी तिच्या तोंडाशी धरली. ती आत घुमायची, तो नळीला हात लावून बघायचा, थोडी कापायचा, परत धरायचा. पोरीला गंमत वाटत होती. मलाही वाटत होती. आणि एकदा तिने सूर लावला तशी अख्खी नळी तिच्याबरोबर घुमायला लागली.

"जुळला!" असं ओरडत त्याने नळी झटकन ओढून घेतली. भुंगीचा सूर मध्येच तुटला. जिथे तिचे ओठ होते ते नळीचं तोंड त्याने पाइपला लावलं आणि वेल्डिंग करून टाकलं.

परत येताना हायवेवर गाडी पळवून बघितली. केबिनमध्ये चिडीचूप. आरसा हलेना. मी इतका खूश झालो की शीळ घालत होतो. भुंगी खिडकीतून बाहेर बघत गप्प बसली होती. दमली असेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काचा घेऊन निघालो, हायवेला लागलो आणि बायकोचा फोन आला.

"अहो, भुंगी कालपासून बोललेली नाही. आणि आता... घुमतेय."

"गुणगुणत असेल."

"गुणगुणत नाहीये! ऐका..."

तिने फोन पोरीजवळ धरला. घूंऽऽऽ... माझ्याच गाडीचा आवाज. मध्ये श्वास घेणंसुद्धा नाही. माझा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून निघाला. फोनमधला आवाज हळूहळू खाली उतरला आणि थांबला.

पण खात्री केल्याशिवाय विश्वास कसा ठेवणार? मी हळूच परत वेग वाढवला. तिकडे पोरीचा सूर चढला, आणि बायको किंचाळली, "अहो, निळी पडतेय ती!"

गाडी कडेला लावली. काचा तशाच घेऊन वेग वाढू न देता घरी आलो. मागचे ट्रकवाले हॉर्न मारत होते, आईबहीण काढत होते. काढू देत. माझा सगळा जीव त्या वेगाच्या काट्यात अडकला होता.

डॉक्टरांनी घसा बघितला. सगळं ठीक, म्हणाले. "बोल बाळा, आई म्हण." भुंगी तोंड उघडायची, डोळ्यांत पाणी यायचं, शब्द येत नव्हता. बायकोने माझी कॉलर धरली. "तुमच्या त्या नळीने केलंय हे! काढून टाका ती. माझ्या पोरीचा आवाज परत आणा!"

तशीच गाडी हळूहळू सायलेन्सरवाल्याकडे नेली. तो आधी हसला. माझा चेहरा बघून हसायचा थांबला. "दादा, अहो लोखंड आहे ते..."

"काप," मी म्हणालो. "तुझ्या पाया पडतो. काप."

त्याने सगळा सायलेन्सर खाली उतरवला आणि मुकी नळी उभी चिरली. आतून उबदार हवा आल्यासारखं वाटलं. काजळीचा वास यायला हवा होता ना? दुधाचा वास आला. लहान पोरांच्या तोंडाला येतो तसा. सायलेन्सरवाल्याने हातातलं ग्राइंडर खाली ठेवलं आणि मागे सरकला.

आत काहीच नव्हतं.

गाडी तिथेच सोडली. सायलेन्सर उतरवलेला, किल्ली माझ्या खिशात. चालतच घरी आलो. दिवेलागण झाली होती. भुंगीला मांडीवर घेऊन बसलो, बायको समोर. "बोल गं राणी. काहीही बोल. बाबा म्हण." ती माझ्याकडे टकामका बघत राहिली. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही.

आणि मग तिच्या छातीतून ते सुरू झालं.

घूंऽऽऽ...

बायकोने तोंडावर हात दाबला. "कोण चालवतंय गाडी? फोन लावा त्याला!"

मी लावला. सायलेन्सरवाला कुजबुजत म्हणाला, "दादा... गाडी माझ्या डोळ्यांसमोर उभीय. बंद आहे. थंडगार."

पोरीचा सूर खाली आला, क्षणभर तुटला, पुन्हा चढला. गिअर बदलल्यासारखा. माझ्या हाताला तो बदल ओळखू आला. हायवे सोडून आत वळताना मी असाच गिअर टाकतो. मग पुन्हा मंद झाला. शाळेपुढचा गतिरोधक. नंतर पेट्रोल पंपापाशी थोडा वेग. सगळा रस्ता मला पाठ होता, आणि जो कोणी चालवत होता त्यालाही.

"थांबवा ना..." बायको रडत होती. "थांबवा हो..."

काय थांबवू? किल्ली माझ्या मुठीत रुतत होती.

गल्लीचं वळण आलं. तिसऱ्यावरून दुसरा. बाहेर रस्ता रिकामा, एक पान हलत नव्हतं. भुंगीचं अंग माझ्या मांडीवर थरथरत होतं. आवाज फाटकाशी आला. थांबला. एकदा, उगाचच, रेस झाली... आणि बंद.

भुंगीने लांब श्वास घेतला. तिचा चेहरा एकदम खुलला. दाराकडे बघून तिने टाळ्या वाजवल्या आणि तिच्या त्या गोड, स्वच्छ आवाजात ओरडली,

"बाबा आले!"

"अगं, मी इथे आहे," मी म्हणालो. "हा काय मी..."

बाहेर फाटकाची कडी वाजली. मी जशी वाजवतो तशीच, दोनदा.

बायकोने दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. आणि तिने पोरीला माझ्या मांडीवरून हळूच उचलून घेतलं.