कॉर्मकभाऊजींचं स्टूल

त्या संध्याकाळी मी गोठ्यात गेले ती नुसती गाईला गवत घालायला. गवताच्या ढिगात पाय अडखळला. उपसून पाहते तर कॉर्मकभाऊजींचं स्टूल.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे, फिनीनचे, थोरले भाऊ. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. जमीनदाराने शेजाऱ्यांना घराबाहेर काढलं म्हणून भाऊजींनी त्याची गवताची गंजी पेटवली, आणि सरकारने त्यांना जहाजात घालून काळ्या पाण्यावर धाडलं, जगाच्या पार त्या टोकाला. शिक्षेची मुदत सरली, तरी माणूस नाही की खबर नाही. सासूबाई मात्र रोज ते स्टूल चुलीपाशी मांडतात आणि त्यावर एक गरम बटाटा ठेवतात.

"गंजी जाळलीस, बरं केलंस," असं त्या स्टुलाला ऐकवतात. "पण ओळखू येऊ नये म्हणून माझाच पांढरा परकर घालून जायचं होतं होय रे?"

ती मृतांची रात्र होती. नोव्हेंबरातल्या या एका रात्री घरातली गेलेली माणसं परत येतात. त्यांच्यासाठी चुलीपुढची राख सपाट करायची, पाणी ठेवायचं, स्टुलं मांडायची आणि दाराला कडी न लावता लवकर निजायचं. सकाळी राखेत पाऊल उमटलंय का, पाहायचं. गोठ्यात राहिलेलं हे एक स्टूल सासूबाई मांडायला विसरल्या, असं मला वाटलं. नव्या सुनेने विचारायचं तरी कसं? सगळे निजल्यावर मी ते पुसून चुलीपाशी नेऊन ठेवलं.

सकाळी सगळ्यांआधी उठले. घरभर ओल्या दोरखंडाचा, खाऱ्या पाण्याचा वास होता. समुद्र आमच्यापासून कितीतरी डोंगरांपलीकडे. राखेत एकच पाऊल होतं. अनवाणी, मोठं, आत येणारं. टाचेमागे साखळी फरफटल्यासारखी रेघ...

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. स्टूल विसरलेलं नव्हतं, लपवलेलं होतं. मृतांच्या रात्री ज्याला बसायला जागा मांडायची, तो जिवंत कसा मानायचा?

आत सासूबाई खोकल्या. मी झटकन ती रेघ आणि पावलाच्या कडा पुसून त्यावर माझं पाऊल रोवलं. चुलीपुढची राख, पण बर्फासारखी गार होती.

"हे कुणाचं पाऊल?"

"माझं, आई. झोपेत पडलं."

"आणि हे... हे कुणी आणलं?"

"मीच. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

सासूबाई स्टुलाला हात लावेनात. "रात्री यावर... कुणी बसलं नाही ना गं?"

"नाही, आई."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे आहे कार्टा. आहे कुठेतरी." मग एकदम आवाज चढला, "फिनीन, बायको तुझी मुलखाची वेंधळी आहे रे!"

"तुझ्याच हाताखाली शिकतेय ना!" फिनीन पांघरुणातूनच म्हणाला.

बटाटा रोज ठेवला जातो. त्या राखेतून बाहेर जाणारं पाऊल नव्हतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

काल दुपारी घरात एकटीच होते. चुलीपाशी झाडता झाडता, घरच्या माणसाला म्हणावं तसं, तोंडातून निघून गेलं, "भाऊजी, जरा पाय उचला."

स्टुलाखाली साखळी खळ्ळकन वाजली. मग, दुसरा पाय असावा, पुन्हा एकदा.