बोटाला लागलेलं दार

चेंडू तिच्या बोटाला लागला होता. ही गोष्ट सबंध सभागृहात दोघांनाच ठाऊक आहे, असा तिचा समज होता – एक ती स्वतः, आणि दुसरा कोपऱ्यात रेषेवर लाल झेंडा घेऊन उभा असलेला बुटकासा मुलगा.

महाविद्यालयीन मुलींची राष्ट्रीय व्हॉलीबॉल स्पर्धा. उपांत्यपूर्व सामना, शेवटचा सेट, आणि तिच्या संघाला जिंकायला एकच गुण हवा होता. समोरच्या चौदा नंबरच्या मुलीने चेंडू असा हाणला, जणू त्याने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. शिडीने नेटवर दोन्ही हात उभारले. (संघात तिला शिडीच म्हणत. दारातून आत येताना तिला मान वाकवावी लागे, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.) चेंडू तिच्या उजव्या अनामिकेचं टोक मागे वाकवून थेट प्रेक्षकांत गेला.

झेंडेवाल्याने झेंडा उभा धरला आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या टोकावर अलगद ठेवला. तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा, तसा. या खुणेचा अर्थ एवढाच – चेंडू अडवणारीला लागून बाहेर गेला. म्हणजे गुण समोरच्यांचा.

“नाही लागला!” शिडी ओरडली.

हे वाक्य तिच्याआधी तिच्या तोंडाला सुचलं. एकदा सुचल्यावर ते मागे घेण्याइतका वेळ कुणी दिला नाही, कारण मागे सगळा संघ ‘नाही लागला, नाही लागला’ म्हणून नाचायला लागला होता. शिडी तरातरा रेषेकडे गेली. झेंडेवाला तिच्या खांद्याला लागत होता. त्याने मान वर केली. डोळे शांत, तपकिरी, आणि – हेच वाईट होतं – अजिबात न रागावलेले.

“मला लागलाच नाही,” ती त्याच्या डोक्यावरून म्हणाली.

“लागला,” तो हळूच म्हणाला. “तुम्हालाही माहीत आहे.”

मुख्य पंचांनी उंच खुर्चीवरून दोघांना बोलावलं. ते निवृत्त क्रीडाशिक्षक होते आणि शिडीचा खेळ तीन वर्षं पाहत आले होते. त्यांना स्वतःला काही दिसलं नव्हतं. ज्याला काही दिसलेलं नसतं, तो निर्णय फार ठामपणे देतो.

“खरं सांग मुली. लागला?”

“नाही सर. आईशपथ.”

“ही मुलगी खोटं बोलणारी नाही,” पंच झेंडेवाल्याला म्हणाले. “तू बाजूला हो. आता तुझ्या हातात झेंडा नको.”

गुण मिळाला. सामना मिळाला. चिमणी – संघाची सेटर, म्हणजे फटक्यासाठी चेंडू उचलून देणारी, नावाप्रमाणे छोटी आणि नावाप्रमाणे गप्प न बसणारी – शिडीच्या गळ्यात पडली. शिडीनेही आनंद व्यक्त केला. तो व्यक्त करताना बोट ठणकत होतं.

अर्ध्या तासात बोट अंगठ्याएवढं झालं. प्रथमोपचाराची खोली म्हणजे एरवी जीवशास्त्राची प्रयोगशाळा होती. एका बाजूला बरण्यांतले बेडूक, दुसऱ्या बाजूला माणसाचा सांगाडा, आणि मध्ये बर्फाच्या पेटीजवळ, बाह्या सारून... झेंडेवाला. डॉक्टर जेवायला गेले होते. रेषेवरून हाकललेल्या माणसाला कुठेतरी उभं करायला हवं म्हणून त्याला इथे बर्फावर आणून ठेवलं होतं.

परत फिरावं, असं शिडीला वाटलं. पण तिच्या उंचीचा माणूस दारात येऊन गुपचूप परत फिरू शकत नाही.

“या,” तो म्हणाला. “काय झालं?”

“बोट.”

“कशाने?”

“दार... लागलं.”

“कुठलं?”

“बाथरूमचं.”

त्याने तिचा हात उजेडात धरला. त्याची बोटं बर्फाने गार पडली होती. बाहेर टपोऱ्या थेंबांचा पाऊस सुरू झाला होता आणि पत्र्यावर वाजत होता. त्या आवाजाचे तिने मनोमन आभार मानले, कारण नाहीतर तिच्या छातीत काय वाजतंय ते सांगाड्यालासुद्धा ऐकू गेलं असतं.

“दार वरून आलं का?” त्याने विचारलं.

“म्हणजे?”

“चेमटलं असतं तर नख काळं पडलं असतं. हे टोकापासून मागे वळलंय. असं व्हायला दार समोरून, वरून, फार जोरात यायला लागतं.” त्याने बोट उजेडात थोडं वळवलं. “साधारण चौदा नंबरच्या मुलीने मारावं तसं.”

शिडीने बेडकांकडे पाहिलं. बेडकांनी नजर वळवली नाही.

“तुमच्या कॉलेजची दारं फार वाईट आहेत,” ती म्हणाली.

“हो ना. तक्रार करायला हवी. पण माझ्या सांगण्याला आज काही वजन नाही.”

तो हसला. टोमणा मारून हसला असता तर तिला सोयीचं झालं असतं. तो साधाच हसला, आणि बोटाला बर्फ लावून शेजारच्या बोटाशी पट्टीने बांधायला लागला. बांधून झालं तरी त्याने हात लगेच सोडला नाही. किंवा तिला तसं वाटलं. लाजेने माणसाला काहीही वाटतं.

“तुम्ही खेळत नाही का?” तिने विचारलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून.

“खेळायचो. मग उंची संपली. म्हटलं, खेळता नाही आलं तरी बघता तर येतं. सर मला यंदा पंचांच्या परीक्षेला बसवणार होते...” त्याने पट्टीचं टोक दाताने तोडलं. “आता ‘बघू’ म्हणालेत.”

‘बघू’ या शब्दाचा अर्थ सांगायला कुठल्याही सांगाड्याची गरज नव्हती.

“फार आवळलं का?” त्याने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. हे दिवसभरातलं तिचं दुसरं खोटं. खरं तर तिसरं. दार मोजलं तर.

बाबांचा फोन आला. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. सामना ते मोबाइलवर पाहत, गिऱ्हाइकाला फ्रेम लावून आरशासमोर सोडून देत आणि स्वतः काउंटरखाली वाकून ओरडत.

“काय खेळलीस! आणि तो रेषेवरचा पोरगा? आंधळा आहे का ग तो? मी व्हिडिओखाली लिहून टाकलं सरळ.”

“काय लिहिलंत?”

“‘रेषेवरच्या मुलाने आमच्याकडे यावे. डोळे मोफत तपासून मिळतील, चष्म्यावर सवलत.’ दुकानाचा पत्तापण टाकला. लोकांना फार आवडलंय! तुझे काका म्हणाले, असा हजरजबाबीपणा आपल्या घराण्यातच.”

“बाबा, पुसून टाका ते.”

“का? बरोबरच आहे ना? तू तर आईची शपथ घेतलीस.” बाबांचा आवाज मऊ झाला. “आईला सांगितलं मी. म्हणाली, आपली पोरगी साध्या गोष्टीवर शपथ घ्यायची नाही. तेव्हा लागला नसणारच.”

शिडीने फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. बसल्यावरही ती बरीच उंच होती.

मग उठून ती मॅडमकडे गेली. संघाच्या प्रशिक्षक मॅडम खाटेवर पाय सोडून गुडघ्यांना मलम चोळत होत्या.

“मॅडम... चेंडू लागला होता.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला कसं?”

“बाकावर आवाज आला ग. सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून तर आपण एवढ्या जोरात ओरडलो.”

“मी सरांना जाऊन सांगते.”

“सांगून काय होणार? निकाल बदलायचा नाही, सही झालीय. मिळणार काय, तर नुसती लाज.”

“ती तर आत्ताही आहे.”

“आत्ताची खासगी आहे,” मॅडम म्हणाल्या आणि दुसऱ्या गुडघ्याकडे वळल्या.

शिडी पंचांच्या खोलीपर्यंत गेली. आतून हसण्याचा आवाज येत होता. तिने दार वाजवायला हात उचलला. बोट दुखलं. तेवढं कारण पुरलं, आणि ती परत आली.

दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना. रेषेवरच्या एका मुलाला उपाहारगृहातलं काहीतरी बाधलं आणि मुख्य पंचांनी नाइलाजाने झेंडेवाल्याच्या हातात पुन्हा झेंडा दिला. “एक जरी चूक झाली,” ते म्हणाले, “तरी पंचगिरीचं नाव काढायचं नाही.”

शिडीने हे ऐकलं. पुढचे चार सेट ती चेंडूपेक्षा झेंड्याकडे जास्त पाहत होती. एकदा नजरानजर झाली. त्याने डोळ्यांनीच विचारलं – बोट? तिने मान हलवली – ठीक आहे. आणि चेंडू तिच्या पायाशी पडला.

“शिडे, सामना इकडे आहे!” चिमणी किंचाळली.

शेवटच्या सेटमध्ये, दोन्ही संघ हटायला तयार नसताना, समोरून फटका आला. शिडी उडाली, हात वर गेले, आणि चेंडू तिच्या हातांवरून मागे, रेषेच्या पलीकडे. झेंडेवाल्याने झेंडा सरळ वर केला. तळवा लागला नाही. म्हणजे चेंडू नुसताच बाहेर. गुण शिडीच्या संघाचा.

शिडीने हात वर केला.

“सर, लागला.”

“कुणाला?”

“मला.”

“वेड लागलंय का ग तुला?” चिमणीने मागून तिचा शर्ट ओढला.

मुख्य पंचांनी झेंडेवाल्याला बोलावलं. “काय रे? ती स्वतःच कबूल करतेय.”

त्याने शिडीकडे पाहिलं. एक शब्द बदलला असता तर सगळं सोपं होतं. पंच खूश, ती खूश, परीक्षा पक्की.

“नाही लागला, सर.”

“अरे, स्वतःच्या तोट्याचं सांगतेय ती!”

“तोटा तिचा आहे, सर. चेंडू बाहेरच आहे.”

मुख्य पंचांनी शिट्टी तोंडातून काढली. “काल तू म्हणालास लागला, ही म्हणाली नाही. आज ही म्हणते लागला, तू म्हणतोस नाही. तुमचं दोघांचं कशावर तरी जमतं का?”

प्रेक्षक हसले. शिडीचे कान तापले. कॅमेरा समोर होता, कॅमेऱ्याच्या पलीकडे काउंटरखाली वाकलेले बाबा होते, आणि आज बहुतेक आईसुद्धा.

“सर... काल त्याचं बरोबर होतं.”

“काय?”

“काल लागला होता. मी खोटं बोलले.” मग सबंध सभागृहाला ऐकू जाईल असं ती पुन्हा म्हणाली, कारण काल ओरडली होती तेही सगळ्यांनी ऐकलं होतं. “लागला होता! त्याची काही चूक नव्हती!”

मॅडमनी बाकावर डोळे मिटून घेतले.

“आणि आज?” पंचांनी विचारलं.

“आज माहीत नाही. बोट बधिर आहे.”

“मग लागला कशावरून म्हणालीस?”

“म्हटलं, एकदा तरी खरं बोलावं.”

“खरं बोलायचं तर आधी ते माहीत असावं लागतं, बाई,” मुख्य पंच म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. कालचा ठामपणा आता त्यांनाच बोचत असावा. त्यांनी झेंडेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. “चेंडू बाहेर. गुण यांचा.”

एवढं होऊन मिळालेल्या गुणाचा काही उपयोग झाला नाही. पुढचे गुण समोरच्यांनी पटापट घेतले. शेवटचा चेंडू शिडीने स्वतःच नेटमध्ये मारला, आणि त्याबद्दल कुणाचंही दुमत नव्हतं.

बसमध्ये तिच्याशी कुणी बोललं नाही. झेंडेवाला फाटकापाशी पावसात उभा होता. त्याने हात वर केला... तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला. त्याच्यासमोर मान वर करायला अजून काही दिवस लागणार होते, आणि बस तर सुटत होती.

बाबांचा फोन आला. “जेवलीस का?” एवढंच विचारलं. बाबा रागावले की ओरडत. लाजले की जेवणाचं विचारत.

काही आठवड्यांनी एका ओल्या दुपारी शिडी दुकानात फ्रेमा पुसत होती. दाराची घंटा वाजली. छत्री मिटत एक बुटकासा मुलगा आत आला. शिडी खाली वाकली, पण काउंटर तिच्या मापाचा नव्हता.

“डोळे तपासायचेत,” तो बाबांना म्हणाला. “तुम्ही बोलावलं होतंत.” त्याने मोबाइल पुढे केला. बाबांना मोबाइलवर प्रतिक्रिया लिहिता येत होत्या, पुसता येत नव्हत्या.

बाबांनी वाचलं. आधी त्यांचे कान लाल झाले, मग टक्कल. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि एक डोळा झाकला. तो वरची ठळक अक्षरं वाचत वाचत सर्वांत बारीक ओळीपर्यंत आला, आणि मग त्याखालचं छापखान्याचं नावही वाचलं. ते तिथे आहे, हे बाबांनाच इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

“बाळा,” बाबा घसा साफ करून म्हणाले, “तुला चष्मा नको.”

“मला वाटलंच होतं. पण मोठ्या माणसांनी सांगितलं, म्हटलं खात्री करून घ्यावी.”

“मी... चहा सांगून येतो,” बाबा म्हणाले आणि पडद्यामागे गेले. चहावाला पडद्यामागे नव्हता.

“परीक्षा?” शिडीने फ्रेम पुसत विचारलं. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

“पास झालो.”

“छान. तुम्ही...”

“तू म्हण. आता मी ड्यूटीवर नाही.” तो जवळ आला. “एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी पट्टी बांधून झाल्यावर तुझा हात सोडायला मला उशीर झाला. तो मुद्दाम केला होता. उगाच दाराचं नाव नाही सांगत.”

बाहेर पाऊस पडत होता. शिडीने मान वर केली. म्हणजे त्याच्याकडे बघायला खाली केली. बोट अजून किंचित वाकडं होतं. तेच बोट तिने पुढे करून त्याच्या मनगटावर टेकवलं... अगदी टोक.

त्याने ओली छत्री झेंड्यासारखी उभी धरली आणि दुसऱ्या हाताचा तळवा छत्रीच्या टोकावर अलगद ठेवला.

पडद्याआड बाबा खाकरले. हरकत मात्र त्यांनी घेतली नाही.

“लागला?” त्याने विचारलं.

शिडी कानापर्यंत लाल झाली. “लागला,” ती म्हणाली. या वेळी पहिल्यांदा विचारल्यावरच.