माघ्याच्या ढोलाचा घुमारा

"मुखवटा गेला!"

पोश्याची आरोळी आली आणि देवळातला गलका एकदम थांबला. रंजनाने आधी दार लावून आतून अडसर घातला. खोडाळ्याजवळच्या या पाड्याची ती पोलीस पाटील. आणि पोश्या तिचा सख्खा काका.

बोहाड्याला, मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाला, चार दिवस उरले होते. मुखवटे रंगवून मागच्या खोलीत वाळत ठेवले होते. त्यातला नरसिंहाचा, सगळ्यांत जुना, लाकडी, दुसऱ्या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना नाहीसा झाला होता. तो सांभाळायचा आणि नाचवायचा मान पोश्याच्या घराण्याचा. मुखवटा गेला तर मान गेला, मग गावात तोंड कुठे दाखवायचं?

खोलीला दोन दारं. एकाच्या उंबऱ्यावर, सगळ्यांच्या पाठीमागे, पोश्या बसलेला. दुसरं दार कोठीत उघडत होतं. तिथे, खिडकीखाली गाडी लावून, ठाणे शहरातून आलेला उमेश वादकांचं रेकॉर्डिंग करत बसला होता. ढोलाचा दणका थेट कानावर नको म्हणून त्याने स्वतःचं यंत्र बाजूला मांडलं होतं, माइक तेवढे सभामंडपात. बाकी सगळे वादकांसमोर, एकमेकांच्या नजरेत होते.

वरचे पत्रे भर दुपारचे तापलेले. माणसं घामाने निथळत होती, पण कुणालाच बाहेर जायची सोय नव्हती. मोखाड्याहून पोलिसांची गाडी निघाली होती.

"काका, जागचे उठला होतात?"

"नाय. हललोच नाय."

"डोळा लागला असेल?"

"नाय पोरी. माझ्या अंगावरून कोण आत गेला नाय."

असं सांगून काकाने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता; दुसरं कुणी गेलं नाही, तर उरला तोच. रंजना उमेशकडे वळली.

"उमेशभाऊ, तुम्ही?"

"रेकॉर्डिंग सोडून? ताई, कानाला हेडफोन, बोट बटणावर. समोरची भातगिरणी कधी सुरू होईल नेम नाही. झाली की लगेच लो-कट फिल्टर लावायचा. खालचे जाड आवाज छाटले जातात, घरघर जाते. सकाळी तुम्हीच पाहिलंत ना?"

पाहिलं होतं. पहिल्या गाण्यात गिरणी सुरू झाली आणि त्याने पापणी लवायच्या आत बटण दाबलं. नंतर ते ऐकून माघ्या ढोलकरी भडकला होता. "माझा ढोल काय डबडा हाय?" घरघरीबरोबर ढोलाचा घुमाराही छाटला गेला होता.

"मघाशीही गिरणी सुरू झाली," रंजना म्हणाली.

"हो, निम्म्यावर. लगेच लावला की फिल्टर. ऐका ना."

यंत्राच्या काडेपेटीएवढ्या स्पीकरवर सनई-ढोल किरकिरू लागले. लोकांनी माना डोलावल्या आणि सगळ्या नजरा पोश्याकडे वळल्या. रंजनालाही क्षणभर वाटलं, काकानेच तर नाही?

माघ्याला मात्र ढोलाचीच पडली होती. त्याने हेडफोन ओढून कानाला लावला आणि त्याचा चेहरा खुलला.

"वा रे उमेश! आता घुमला बघ. पार शेवटपर्यंत पोटात वाजतोय!"

रंजनाने हेडफोन मागून घेतला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"उमेशभाऊ, गाडीची चावी द्या."

"का?"

"फिल्टर लावला असता तर ढोल डबडा झाला असता. तो घुमतोय; चिमुकल्या स्पीकरवर ते कळलं नाही. आणि त्याच्याखाली निम्म्यापासून गिरणी घरघरतेय. तुमच्या कानाला हेडफोन असता तर ती तुम्ही चालू दिली असती? यंत्र एकटंच चाललं होतं. तुम्ही मधल्या दाराने खोलीत गेलात आणि मुखवटा घेऊन कोठीच्या खिडकीतून गाडीपाशी उतरलात. तुम्ही जागेवरून हललाच नाहीत, असं समजून तुमच्या गाडीचा कुणाला संशयच आला नाही."

"माघ्या चिडतो म्हणून मीच लावला नाही..."

"मग आत्ता 'लगेच लावला' कशाला म्हणालात?"

उमेशने दाराकडे पाहिलं. अडसराला पाठ लावून माघ्या उभा होता. उमेशने खिशातून चावी काढून पुढे केली.

"मुंबईत एकाने मागितला होता," तो पुटपुटला.

गाडीत वायरींच्या पिशवीत नरसिंह सापडला. एका गालावरचा ओला रंग फरफटला होता. पोश्याने त्याला मांडीवर घेतलं, लेकराला घ्यावं तसं.

"तुला पण मीच वाटलो?"

"क्षणभर वाटलं, काका." रंजनाला रडू आवरेना.

पोश्याने रंगाची वाटी तिच्या हातात दिली.

"धर नीट. गाल परत रंगवाय लागंल. चारच दिस हायेत."